कडूबाची कॅसेट

छावणीच्या बाजारात कडूबा दांडग्यांचं घर विचारलंत तर कुणी सांगणार नाही. 'व्हिडिओवाले चाचा' म्हणा, भाजीवालीसुद्धा हातातली मेथी खाली ठेवून गल्ली दाखवील. आईबापांनी ठेवलेलं नाव एक, लोकांनी चालवलेलं दुसरं, आणि माणूस बिचारा दोन्हींच्या मधे.

चौदा वर्षं कडूबानं तिथं 'मुक्ता व्हिडिओ गेम' चालवलं. चार टीव्ही, चार मशिनं, आठ रिमोट आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः फौजी जवान. रविवारची सुट्टी मिळाली की कुणी पंजाबचा, कुणी केरळचा, घरादारापासून शेकडो कोसांवर आलेली ती माणसं बटणं बडवीत बसायची. दोघं मिळून आले तर प्रश्न नव्हता. एकटा आला की पंचाईत, कारण दुसरा रिमोट कुणी धरल्याशिवाय कुस्तीचा खेळ सुरूच व्हायचा नाही. मग कडूबा शेजारी बसून तो रिमोट धरायचा. खेळायचा नाही, नुसता धरायचा. पडद्यावर त्याचा पैलवान हात खाली सोडून उभा, आणि जवान त्याला यथेच्छ बडवतोय. कडूबा आयुष्यात व्हिडिओ गेम खेळला म्हणायचं तर एवढंच. मार खायला उभा राहिला.

पुढं मोबाइल आले आणि दुकान बसलं. कडूबानं घरीच टीव्हीचे रिमोट दुरुस्त करायला घेतले, मुलगा सोमनाथ इंजिनियर झाला, जर्मनीला गेला, तिकडंच स्थिरावला. चार वर्षांपूर्वी मुक्ताबाई गेली. तेव्हापासून सहासष्ट वर्षांचा कडूबा दोन खोल्यांत एकटा राहतो, एका वेळेला भाकरी थापतो आणि दोन्ही वेळेला खातो. टीव्हीवर मुक्ताबाईनं विणलेलं जाळीचं कापड होतं. ती गेल्यावर त्यानं ते टीव्हीच्या तोंडावर ओढून घेतलं ते घेतलंच. तिच्या मालिका तिच्याशिवाय बघायच्या कशाला?

त्याला नात होती, श्रेया. आता नऊ वर्षांची. पाचेक वर्षांची होईपर्यंत ती फोनवर चुरूचुरू मराठी बोलायची, 'आबा, भूत दात घासतं का' असले प्रश्न विचारायची. मग तिकडची शाळा आली आणि फुटक्या घागरीतून पाणी जावं तशी तिची मराठी शब्दाशब्दानं निघून गेली. अलीकडे व्हिडिओ कॉलवर तिचं कपाळ आणि अर्धा डोळा दिसायचा, 'हाय आबा, बाय आबा' एका श्वासात व्हायचं, आणि फोन कुठंतरी उताणा टाकलेला असायचा. मग कडूबा त्या घराचं छत बघत बसायचा. छतावरचा दिवा कुठं, भेग कुठं, हे त्याला पाठ झालं होतं.

एके दिवशी सोमनाथच म्हणाला, "बाबा, तिला बोलायचा कंटाळा आहे, खेळायचा नाही. नवीन गेमचं मशीन निघालंय, तिच्याकडं आहे. तसंच एक तुम्हाला पाठवतो. दर रविवारी तुम्ही दोघं खेळा. तुम्ही तर या धंद्यातलेच. आणि नाहीच जमलं, तर राहू द्या मग."

'राहू द्या मग' हे कडूबाला झोंबलं. म्हणजे हे जमलं नाही तर यापुढं नुसतं छतच. एवढं न कळायला तो काही दूधखुळा नव्हता.

सोमनाथचा एक दोस्त गणपतीनंतर संभाजीनगरला आला आणि खोकं देऊन गेला. तो गुरुवार होता. पहिला खेळ रविवारी साडेपाचला ठरला, तिकडं तेव्हा दुपारचे दोन. कडूबानं दार लावलं, चष्मा पुसला आणि वीस वर्षांनी पुन्हा एक गेमचं मशीन मांडीवर घेतलं.

शुक्रवारी त्यानं सोमनाथला आवाजी निरोप धाडला. तो असा होता:

"सोमनाथ, मशीन पाह्यलं. पातळ हाये, पन हातात घेतलं का वजन लागतं. ते चांगलं. हलकी चीज टिकत नाय. दोन्हीकडचे रिमोट लोहचुंबकानं चिकटतात, टच् आवाज येतो, लई झ्याक. आपल्या दुकानात वायरी व्हत्या. जवान लोकं जोशात ओढायचे अन् मशीन टेबलाखाली. ती कटकटच मिटली. टीव्हीपाशी ते खोबणीवालं ठिवलंय, त्यात मशीन बसवलं का हातातलं चित्र टीव्हीत जातं, काढलं का परत हातात. कुठं पिन नाय का चॅनल लावणं नाय. म्या चाळीस येळा घातलं अन् काढलं. तुझ्या आईनं पाह्यलं असतं तं म्हनली असती, याड लागलं. तक्रार म्हनशील तं, टीव्हीत बसवलं का आतला पंखा घूं घूं करतो, अन् हातात धरलं तं अडीच तासांत बॅटरी मान टाकती. गाड्यांचा एक खेळ मशीनीतच हाये. चित्र असं का बस, रस्त्यावरचा चिखलबी खरा वाटतो. पन लोकं लई घाईवर. म्या आपली गाडी जालना रोडनं न्यावी तशी कडंकडंनं नेली, सगळ्यात मागून आलो, तरी मशीननं शाबासकी दिली. आजकाल हरणाऱ्यालाबी शाबासकी भेटती. आपल्या टायमाला नव्हती."

निरोप सात मिनिटांचा झाला. उलट सोमनाथचा अंगठा आला. बरं, अंगठा तर अंगठा.

एक गोष्ट मात्र त्यानं निरोपात सांगितली नाही. मशीन एक, पण रिमोट दोन. दोन माणसांनी एकेक घेऊन शेजारी बसावं म्हणून ते तसे सुटे होतात. त्यानं उजवा हातात घेतला, डावा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं, आणि मग उचलून परत मशीनला चिकटवला.

श्रेयाचा आवडता खेळ वेगळा होता, बेटाचा. बेटावर घर बांधायचं, झाडं लावायची, मासे धरायचे आणि दुसऱ्याच्या बेटावर होडीनं पाहुणं म्हणून जायचं. तो खेळ मशीनीत नव्हता, त्याचं कार्ड वेगळं होतं, अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं. कडूबाच्या लेखी ती कॅसेटच. आणि कॅसेट म्हटली की आधी फुंकायची. जुन्या काळी कॅसेट चालली नाही की खालच्या फटीत फुंकर घालत, आणि चालणार असली तरी घालत. छावणीत अशी श्रद्धाच होती, की फुंकल्याशिवाय कॅसेट चालत नसते. कडूबानं त्या नखाएवढ्या कॅसेटीला तीन फुंकरा घातल्या. मग मशीनची झडप उघडायला दोन्ही हात लागले, तेव्हा तीस वर्षं स्क्रू धरायचा तशी त्यानं ती ओठांत धरली.

आणि थू थू करत मोरीकडं पळाला.

असलं कडू त्यानं जन्मात खाल्लं नव्हतं. कारलं, कडूनिंब, काढा, सगळं त्यापुढं मिठाई. चूळ भरली, गूळ खाल्ला, पुन्हा चूळ भरली. जीभ काही वठणीवर येईना. कुणी वाटेत विष तर लावलं नाही? त्यानं घाबरून जर्मनीला फोन लावला.

सोमनाथ इतका हसला की बराच वेळ बोलताच येईना त्याला. "बाबा, तोंडात घातलं? अहो, मुद्दाम लावतात ते. कंपनीच लावते. लहान पोरांनी गिळू नये म्हणून सगळ्या कार्डांना कडू लेप असतो. तोंडात गेलं की पोर थुंकून टाकतं."

"गिळू नये म्हनून," कडूबा म्हणाला.

"हो. विष नाही, काळजी करू नका."

फोन ठेवून कडूबा खाटेवर बसून राहिला. जिभेवर कडू चव आणि डोळ्यांपुढं त्याची आई, केसरबाई.

फर्दापूरजवळच्या वस्तीवर केसरबाईला त्याच्याआधी तीन पोरं झाली होती. तिन्ही गोंडस, तिन्ही सहा महिन्यांच्या आत गेली. चौथा जन्मला तेव्हा तिनं त्याला तीट लावली नाही, टोपडं घातलं नाही. सुपात घालून उकिरड्यावर नेलं, तिथं टाकल्यासारखं केलं, सुइणीकडून पसाभर कोंड्याच्या बदल्यात परत घेतलं आणि नाव ठेवलं कडूबा. काळानं तोंडात घातला तरी कडू लागावा, थुंकून टाकावा. लग्नात सासरची माणसं म्हणाली, पोरगा देखणा आहे, नाव बदलून मुरलीधर करू. केसरबाई मांडवात उभी राहिली. "नाव बदलायचं नाय. काळ दारातच उभा हाये, त्याला वाटलं पायजे का हा अजून कडूच हाये."

नाव मात्र लागू पडलं. खरंच लागू पडलं. बाप गेला, आई गेली, पाठचे दोन भाऊ गेले, मुक्ताबाई गेली. काळानं सगळ्यांना एकेक करून गिळलं आणि कडूबाला दर वेळी तोंडातून काढून बाजूला ठेवलं. या खाटेवर. त्या रात्री नव्हे, भरदुपारी, बाहेर भंगारवाला ओरडत असताना कडूबाला पहिल्यांदा आईचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली.

मुख्य म्हणजे त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. आई बांधावरून 'कडूऽऽ' अशी हाक घालायची आणि तो असेल तिथून 'ओ' द्यायचा. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मुक्ताबाईचं 'अहो' होतं. सोमनाथचं 'बाबा', बाजाराचं 'चाचा', बँकेचं 'दांडगे'. सोमनाथनं तर स्वतःच्या लग्नपत्रिकेत वडिलांचं नाव 'के. एस. दांडगे' छापलं होतं. कडूबानं पत्रिका बघितली, कागद चांगला आहे म्हणाला, आणि विषय संपला.

म्हणून असेल, बेटावर पाऊल ठेवण्याआधी खेळानं नाव विचारलं तेव्हा त्यानं एकेक अक्षर शोधून इंग्रजीत KADU असं लिहिलं. स्वतःचं नाव टीव्हीवर एवढं मोठं त्यानं प्रथमच पाहिलं. टीव्हीवरचं जाळीचं कापड अर्थात आधीच काढून घडी घालून ठेवलं होतं.

दोन दिवस तो त्या बेटावर राबला. घर बांधलं. घरात खुर्च्या दोन ठेवल्या. बेटावर पोस्टमन म्हणून एक कासव होतं. ते रोज सकाळी येऊन रिकामी पिशवी दाखवायचं, म्हणजे आज पत्र नाही. "ठीक हाये बाबा," कडूबा म्हणायचा. "तुझा काय दोष."

रविवारी त्यानं दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. श्रेयाला तो दिसणार नव्हता, तरी घातला. बरोबर साडेपाचला सोमनाथनं दिलेला बारा आकड्यांचा नंबर टाकला. म्हणजे आपण श्रेयाच्या बेटाच्या दारात उभे, आत 'येऊ का' असं विचारणं जातं, आणि तिनं 'हो' म्हटलं की होडी सुटते.

होडी सुटली नाही. पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द आला. कडूबानं अक्षरं लावली. डिक, लाईन. डिक्लाईन्ड. पुढचंमागचं काही कळलं नाही, पण 'लाईन' कळलं. लाईन मिळत नसणार. ट्रंक कॉलचा जमाना पाहिलेला माणूस तो. लाईन मिळत नाही म्हणजे धीर धरायचा, पुन्हा लावायचा. दहा मिनिटं थांबून त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा लाईन. त्यानं सात वेळा विचारलं. लांबचा देश आहे, रविवार आहे, तारा भरलेल्या असतील, असं स्वतःला समजावत तो सव्वासात वाजेपर्यंत त्या दारात उभा राहिला. दिवाबत्ती करायचीही राहिली.

साडेसातला सोमनाथचा फोन आला. आवाज चढलेला.

"बाबा, आला का नाहीत? श्रेया दोन तास वाट बघत बसली. रडली शेवटी. आणि वर कुणी मवाली तिच्या बेटावर सारखा येऊ का, येऊ का करत होता. सात वेळा. कडू की काय नाव. तिनं सातही वेळा नाही म्हटलं. शिकवलंय आम्ही, अनोळखी माणसाला आत घ्यायचं नाही."

कडूबाला नात परकी वाटली नाही. ती तर बिचारी त्याचीच वाट बघत होती. तिला फक्त 'आबा' माहीत. पण सोमनाथ?

"सोमनाथ," तो हळूच म्हणाला, "माझं नाव काय हाये?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा," सोमनाथ म्हणाला. "माझ्या डोक्यातच नाही आलं."

"असू दे. बापाचं नाव कोन रोज घेतं."

"मी तिला सांगतो. सगळं सांगतो, नावाचा अर्थसुद्धा. पण तुम्ही तिथलं नाव बदला. आबा करा. तिला ओळखीचं वाटेल. पुढच्या रविवारी नक्की."

"बघतो," कडूबा म्हणाला.

सोमवारी त्यानं नाव बदलायची पाटी उघडली आणि बंद केली. मंगळवारी उघडली आणि बंद केली. हसू नका, बटण दाबायला काही लागत नाही. पण ज्या नावासाठी आई भर मांडवात उभी राहिली, ते पुसायला अंगठा धजत नव्हता. आणि दुसरीकडं पोर रडली होती. त्याच्यासाठी कुणी रडल्याला चार वर्षं होऊन गेली होती. शनिवारी दुपारी त्यानं केसरबाईच्या फोटोकडं पाहिलं. "आई, आता सहासष्ट झाले. काळानं गिळला तरी त्याचं तोंड काय गोड होनार नाय." असं म्हणून त्यानं KADU खोडलं आणि AABA लिहिलं.

रविवारी साडेपाचला विचारणा गेली आणि चहा ओतायलाही वेळ मिळाला नाही, तोवर होडी सुटली. श्रेयाचं बेट हिरवंगार होतं. लाल टोपीतली छोटी आकृती धावत किनाऱ्यावर आली आणि उड्या मारू लागली. मशीनीतून तिचा आवाजही येत होता.

"आबा! कम! कम!"

तिनं त्याला बेटभर फिरवलं. ती इंग्रजीत सांगत होती, मधे जर्मन घुसत होतं, तो मराठीत 'वा, वा' करत होता. तिनं त्याला एक मासा दिला. त्यानं घेतला आणि चुकून समुद्रात टाकला. ती खो खो हसली. छत कुठंच नव्हतं. कडूबाला घाम फुटला होता, पण बरं वाटत होतं.

मग ती थांबली आणि काहीतरी विचारलं. त्यात 'कडू' तेवढं कळलं. मागून सोमनाथचा आवाज आला, "बाबा, ती विचारतेय, नाव कडू का ठेवलं?"

आता हे सांगायचं कसं? उकिरडा सांगायचा, सूप सांगायचं, तीन पोरं सांगायची? कडूबानं विचार केला.

"तिच्यापाशी दुसऱ्या खेळाची कॅसेट असंल ना? चाललेली काढू नको म्हनावं. दुसरी. तिला जीभ लाव म्हनावं. जराशी."

पलीकडं हसणं, कुजबुज, सुनेचा 'शी, नको' असा आवाज. कुठलीशी डबी उघडल्याचं कानावर आलं.

मग एक किंकाळी. "ईऽऽऽ! पापा! कडू! इट्स कडू!"

'आबा' सोडलं तर चार वर्षांत तिच्या तोंडून आलेला तो पहिला मराठी शब्द. कडूबाच्याही तोंडात ती चव आपोआप उतरली, जशीच्या तशी.

श्रेयाला आता गंमत वाटायला लागली होती. तिनं थुंकलं, पाणी प्यायली असावी, आणि परत मशीनपाशी येऊन हसत हसत हाक मारली, "कडू! कडूऽऽ!" मागून सोमनाथ दटावत होता, "श्रेया, आबांना असं म्हणू नये." ती कशाला ऐकते. ती पुन्हा ओरडली, बांधावरून ओरडावं तशी लांबवून, "कडूऽऽऽ!"

कडूबाच्या हातातून रिमोट केव्हाच सुटला होता. पडद्यावर AABA हात खाली सोडून नुसता उभा होता आणि लाल टोपी त्याच्याभोवती गोल गोल पळत होती. कडूबानं एकदा केसरबाईच्या फोटोकडं बघितलं, घसा खाकरला आणि मोठ्यांदा म्हणाला,

"ओऽऽ!"